लहरीबाबांचा करगोटा

त्या रविवारी भुईगावच्या समाजमंदिरात चर्चमधली मिस्सा आटोपून आलेले आणि आरती आटोपून आलेले पुरुष मांडीला मांडी लावून बसले होते. एवढ्या एकोप्याचं कारण एकच. सगळ्यांच्या पँटच्या खिशात नवाकोरा मोबाईल होता.

साल २००४. गावात नव्याने आलेले लहरीबाबा सांगत होते, "खिशातला फोन तुमचं बीज भाजतोय, बाबांनो. शेंगदाण्यासारखं." उपाय म्हणजे तांब्याची तार गुंफलेला करगोटा. हिंदूंना काळा, ख्रिस्ती लोकांना निळा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. पण बसलो होतो.

पास्कल पुढे गेला. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. त्याची बायको ॲनी चार डॉक्टरांकडे तपासणी करून आली होती. पास्कल एकदाही गेला नव्हता, लाज वाटायची. करगोट्याची मात्र वाटत नव्हती.

"फोन सायलेंट करा, आवाजाने लहरी बिथरतात," बाबा म्हणाले. "आणि नंबर मोठ्याने सांगा." मग त्यांनी पास्कलचा फोन काचेच्या पेटीत एका इवल्या दिव्याला टेकवून ठेवला. दिवा आपोआप लुकलुकला. सभा गार. बाबांनी फोनला निळा करगोटा गुंडाळला. दिवा गप्प.

दाराशी उभ्या ॲनीने पर्समधून आपला फोन काढला आणि पास्कलचा नंबर लावला. करगोट्यासकट दिवा लुकलुकू लागला.

"स्त्रीची छाया पडली," बाबा कुरकुरले.

"मी मिस्ड कॉल दिला," म्हणत ॲनीने पेटीतला फोन उचलला. त्यावर तिच्याआधी एका अनोळखी नंबराचा मिस्ड कॉल होता. तिने तोच लावला. बाबांमागच्या पडद्याआड सनई वाजली आणि शिष्याने सवयीने फोन उचलला. "बाबा, अजून एक देऊ?"

मग मला कंठ फुटला. फोन येताना मोबाईल लहरी सोडतो, त्यावर असले दिवे पेटतात. स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात. या लहरींनी वीर्याला अपाय होतो का, ते शास्त्रज्ञ अजून तपासताहेत. भीती वाटत असेल तर फोन पिशवीत ठेवा. कमरेला तार बांधून काही होत नाही.

"मला वाटलं, फोनचाच दोष निघाला तर बरं," पास्कल पुटपुटला.

"दोष कुणाचाही असो," ॲनी म्हणाली. "पाच वर्षं मी सुया टोचून घेतल्या. तुला तर सुईही लागत नाही." सगळे हसले. शेवटी पास्कलही हसला. बाबा मागच्या दाराने कधी गेले, कुणी पाहिलं नाही.

गड्यांनो, शंका आली तर तपासा. आधी चमत्कार तपासा, मग स्वतःला.

मंगळवारी पास्कल वसईच्या लॅबमध्ये बाकावर बसला होता, बिनकरगोट्याचा. मला कसं कळलं? मी शेजारीच बसलो होतो. आमच्याही लग्नाला सात वर्षं झाली होती.