मुदत संपलेलं नाव

वेबसाइटच्या नावाची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. तसे इंग्रजी मेल आले, तेव्हा ते फसवणुकीचे समजून मी पुसून टाकले. साइट बंद पडली. निपाणीच्या तंबाखूच्या शेतांत गुणाबाईंसारख्या बायकांकडून ऐकून जमवलेले शब्द तिच्यासोबत गेले. दुसरी प्रत ठेवण्याइतके ते मोलाचे आहेत, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मग मच्छे गावाहून तेजस्वी नावाच्या मुलीचा फोन आला.

"चिंतामणी अण्णा नव्हं? तुमच्या साइटचं नाव मी घेतलंय. मालकानं सोडलेली नावं हुडकायची, हेच माझं काम. ज्या साइटचा पत्ता लई जण आपापल्या पानावर देत्यात, तिला गूगल मानतंय. नाव घेणाऱ्याला तो मान आयता मिळतोय."

"माझा पत्ता कोण देणार?"

"धारवाडचं कॉलेज, गोव्याचं मासिक. तुम्ही मोठं माणूस हाय अण्णा, तुमालाच ठावं न्हाय!"

तिचा माणूस चुकला असेल, असं मला वाटलं.

"घेण्याआधी जुनी पानं बघतो आमी. नेटवर त्यांच्या प्रती असत्यात. जुगाराच्या जाहिराती निघाल्या तर नाव बाद. तुमची पानं उघडली नि मी नि आई वाचतच बसलो. आता पुण्याचा एक कर्जवाला हे नाव मागतोय. सांजच्याला कळवायचंय. तुमाला पायजे असंल तर त्याला न्हाय म्हणतो."

"तुमचं नुकसान नको. देऊन टाका."

फोन स्पीकरवर होता. शेजारी डाळ निवडणारी माझी बायको नीला उसळली. "गुणाबाई गेल्या बिचाऱ्या. त्यांच्या शब्दांनी मिळालेला मान कर्जवाल्याला देताय? बरे दानशूर!"

कुणाकडे काही मागणं मला कधी जमलेलं नाही. तरी म्हणालो, "तेजस्वी, ते नाव मला हवं आहे."

"एवढं बोलायला केवढा वेळ लावलासा!"

दुसऱ्या दिवशी तिने सगळी पानं पूर्ववत लावून दिली. गुणाबाईंचं पान उघडलं आणि मला पुढचं नीट दिसेना. फोन करून आभार मानू लागलो, तर तिने मध्येच तोडलं.

"ते ऱ्हाऊ द्या. आई भांडायला बसलीया. तंबाखूची पानं वाळवायच्या कामाला तुम्ही लिवलाय तो शब्द आमच्याकडं न्हाय म्हणतीया. रविवारी या, नि तिच्याशीच बोला."

माझ्याशी भांडावं इतकं मन लावून कुणीतरी वाचलं होतं. मी रविवारी येतो म्हणून सांगितलं.