तेराचा पाढा

भीमपूरकडच्या त्या मराठी शाळेत पोट दुखणं सोपं नव्हतं. एखाद्या पोरानं पोटावर हात ठेवला की नागसेन सर कपाटातला ओव्याचा डबा काढत, चिमूटभर ओवा त्याच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "खा. आता तेराचा पाढा म्हन." पाढा अडखळला तर दुखणं खरं, घरी जायची मुभा. घडाघडा आला तर दुखणं खोटं, गुमान जागेवर बसायचं. मुद्दाम अडखळणारा त्यांना डोळ्यांवरून कळे. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या वर्गाची पोटं दुखतात, तेव्हा मास्तरानं काहीतरी करायला नको? सोळा वर्षांत आपला निवाडा एकदाही चुकला नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबले होते. नागसेन मात्र तापातसुद्धा शाळेत गेले, म्हणून मास्तर झाले. हजेरी म्हणजे त्यांच्या घरचा धर्मच होता म्हणा ना. मुलगी दीपमाला त्यांच्याच शाळेत. तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, शाळेच्या फाटकात पाऊल पडलं की 'बाबा' नाही, 'सर' म्हणायचं. मास्तरानं घरच्या पोरीला डोक्यावर चढवलं, असं गावानं म्हणता कामा नये.

तिसरीत असताना जेवणाच्या सुटीनंतर ती उभी राहिली. "सर, पोट दुखून राह्यलं."

सर्वांना एकच न्याय. त्यांनी तिच्या हातावर ओवा ठेवला. दीपमालानं तो तोंडात टाकला, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला, ओठ पांढरे पडले होते, पण पाढा सुरू केला तो शेवटपर्यंत नेला. एक आकडा चुकला नाही.

"बस खाली," सर म्हणाले.

घरी बायकोला त्यांनी हसत सांगितलं, "पोरीचा पाढा पाठ हाय आन् नाटकंबी."

"जेवली का दुखते म्हनते," विशाखा म्हणाली. "काऊन खोटं बोलन ते? आदिलाबादले नेऊन दाखवा एकदा. घरी तरी मास्तर नका होऊ."

नागसेननं ते हसण्यावारी नेलं. आणखी दोनतीनदा दीपमालानं तक्रार केली, दोनतीनदा पाढा म्हटला, मग तक्रार बंद झाली. मात्रा लागू पडली, असं त्यांना वाटलं. त्यात पोरीला एक चांगली सवयही लागली. संध्याकाळचं जेवण झालं की ती घरामागच्या पाण्याच्या टाकीशी जाऊन बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून, आणि एकटीच पुटपुटत पाढे म्हणायची. बोथहून पाहुणे आले तेव्हा नागसेननं त्यांना मुद्दाम खिडकीशी नेलं. "पाहा, कोनी सांगितलं नाई, स्वतःहून म्हनते." पाहुण्यांनी कौतुक केलं. पोरगी वाळत चालली म्हणून विशाखा तिच्या भातावर तुपाची धार सोडी आणि तूप पाहिलं की दीपमालाचं तोंड उतरे. ताटात अन्न टाकते म्हणून बाप तेवढा रागावायचा.

पाचवीत गेली त्या पावसाळ्यात ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच ती खाली कोसळली.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी रक्त तपासलं, स्कॅन काढला आणि नवराबायकोला समोर बसवलं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात खडे झालेत, ते सुकत आलंय, म्हणून साखर वाढली. तुपातेलाचं पचत नाही ते त्यामुळेच. आता इन्सुलिन जन्मभर आणि प्रत्येक घासाबरोबर कॅप्सूल. खडे काढायला हैदराबादला जावं लागेल. सुकलेलं मात्र परत येत नाही.

"ये आज का नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. "दो-तीन साल पुराना है. बच्ची ने कभी बोला नहीं?"

"बोलली होती," विशाखा म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"पहले लाते तो..." नागसेननं कसंबसं विचारलं. "ठीक हो जाती?"

"बीमारी का पता नहीं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दर्द तो संभाल लेते हम."

त्या डॉक्टर माउलीनं शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. दोन वर्षं पोरीला नुसतं सोसायला लावलं, आणि कशासाठी, तर हजेरीसाठी! आता ते पाप कुठं नेऊन टाकायचं?

दुपारी खाटेवर दीपमालाला मऊ भात दिला. विशाखा औषधं आणायला गेली होती. दुखलं की लगेच सिस्टरना सांगा, इंजेक्शन देतील, असं डॉक्टर बजावून गेल्या होत्या. चार घास गेले असतील नसतील, पोरीनं गुडघे पोटाशी ओढले.

"दुखते काय, बेटा?"

"नाई, सर."

शाळेचं फाटक वीस कोस लांब होतं, तरी ती सर म्हणाली. दीपमालानं मान गुडघ्यात घातली आणि तिचे ओठ हलायला लागले.

"तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस..."

तोच आवाज. टाकीजवळचा, रोज संध्याकाळचा, पाहुण्यांना खिडकीतून ऐकवलेला. त्यांना एकदम सगळ्या संध्याकाळी आठवल्या आणि त्यांनी खाटेचा दांडा धरला.

"सिस्टर!" ते वॉर्डभर ओरडले. "सिस्टर, जल्दी आव! पोरीचं पोट दुखून राह्यलं!"

बाप ओरडला तशी दीपमाला दचकली. आपलं काही चुकलं असं वाटून तिनं डोळे मिटले आणि पाढा भराभर म्हणायला लागली. "तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट."

"बस, बेटा. नको म्हनू." त्यांनी तिचे घामेजले हात धरले. "अडखळ. एकदा तरी अडखळ, माय."

पण दीपमालाचा पाढा पाठ होता. सिस्टर येईपर्यंत तिनं तो दोनदा म्हटला आणि एकही आकडा चुकला नाही.