सुनेच्या खिशातला शिक्का

मी एक जुना शिक्का आहे. तुमच्या करंगळीएवढा, पिवळसर लाकडाचा, एका टोकाला शेंदरी शाईने कायमचा रंगलेला. उंचीवरून मला हसू नका हं! आमच्या जपानमधल्या साबाए गावात कागदावर नाव कुणीही लिहील. पण त्या नावाशेजारी माझ्यासारखा कुणीतरी उमटल्याशिवाय ते नाव खरं धरत नाहीत.

मित्रांनो, मला घडवणारा कारागीर डोळ्यांना भिंग लावून दोन दिवस मला कोरत होता. 'हाशिझुमे' हे आडनाव त्याने माझ्या तळव्यावर उलटं कोरलं. मी स्वतः नेहमी उलटाच, पण कागदावर सुलटा! नगरपालिकेत माझी नोंद झाली आणि मी हाशिझुमे सेइकिची यांचा झालो. सेइकिची चष्म्यांच्या फ्रेम्स घासून चकचकीत करायचे. त्यांच्या बोटांना कायम पॉलिशचा वास यायचा. मला तो फार आवडायचा.

काय काय थाट होता माझा तेव्हा! सेइकिचींच्या लग्नाच्या कागदावर मी उमटलो. घराच्या आणि मागच्या कारखान्याच्या कागदांवर उमटलो. आणि एके दिवशी विमेवाल्या तेरुयोबाई सायकलवरून आल्या, तेव्हा आयुर्विम्याच्या कागदावरही उमटलो. त्या कागदात एक चौकोन होता. माणूस गेल्यावर पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव तिथे लिहायचं. सेइकिचींनी बायकोचं नाव लिहिलं, तोमे. मग मला शाईत बुडवलं, तोंडाने 'हाऽ' करून माझ्यावर ऊब सोडली आणि दाबलं. "वा! किती स्वच्छ उमटलाय," तेरुयोबाई म्हणाल्या. मी फुलून गेलो.

त्यानंतर वर्षानुवर्षं मी देवघराच्या खणात पडून होतो. कधीतरी बाहेर येत असे, आणि नंतर नंतर वाईट कामांसाठीच. मुलगा शुनसाकु आजारात गेला तेव्हा. चार वर्षांनी तोमेआजी गेल्या तेव्हा. धाकटी लेक मिहोको लग्न होऊन कधीच ओसाकाला गेली होती. घरात उरले सेइकिची आणि शुनसाकुची बायको किनुए.

किनुएला मूलबाळ नव्हतं. माहेरी जायला तिला कुणी अडवलं नसतं. पण ती राहिली. सेइकिचींची औषधं, पथ्याची पेज, हिवाळ्यात पाय शेकायची पिशवी, सगळं ती बघायची. आणि बोलायचीसुद्धा काय!

"बाबा, पुन्हा मिठातला बांगडा खाल्लात ना?"

"मांजराने खाल्ला."

"आपल्याकडे मांजर नाहीये."

"म्हणूनच तर सापडत नाही!"

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सेइकिचींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरवलं. तेरुयोबाई भेटायला आल्या. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते, पण सायकल तीच. त्यांनी लाल घेवड्याचं थंडगार, वडीसारखं गोड योकान आणलं होतं. ते आमच्याकडे बर्फ पडायला लागला की रजईत बसून खातात. सेइकिचींनी मोठ्या ऐटीत एक वही त्यांच्यापुढे सरकवली. दुकानात मिळते तशी छापील वही होती. आपण गेल्यावर कुणाला बोलवा, कुठला फोटो लावा, हे म्हातारी माणसं तिच्यात लिहून ठेवतात. विम्याच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'हे पैसे किनुएला.'

तेरुयोबाईंनी चष्मा नाकावर ओढून वाचलं. "अक्षर छान आहे हो."

"मग? झालं ना काम!"

"कसलं डोंबलाचं काम! या वहीत लोणच्याची कृती लिहिली असतीत तर निदान कुणाच्या उपयोगी पडली असती. अहो, असल्या वहीला विमा कंपनीत कुणी विचारत नाही."

"बरं, मग मृत्युपत्र करतो. माझं जे काही आहे ते सगळं किनुएचं, असं लिहितो."

"विम्याचे पैसे त्या 'सगळं'मध्ये येतच नाहीत." तेरुयोबाईंनी योकानचा एक तुकडा कापून बाजूला ठेवला. "हे बघा. घर, कारखाना, बँकेतलं ते या ताटात. विमा त्या ताटात. तो चौकोनातल्या नावाकडे थेट जातो. आणि चौकोनात अजून तोमेताईच बसल्यात! त्या नाहीत, म्हणजे त्यांच्या वारसांना. तुम्हीही गेलात की उरली एकटी मिहोको. सून वारसांत बसत नाही. नवरा गेल्यावर आठ वर्षं काय, ऐंशी वर्षं पेज भरवली तरी नाही."

सेइकिचींनी वही मिटली. मग म्हणाले, "चौकोन बदलायचा अर्ज काढा. शिक्का आहे घरात."

तेरुयोबाई अर्ज ठेवून गेल्या. गुरुवारी परत येते म्हणाल्या. आणि मित्रांनो, त्याच दुपारी कुणीतरी देवघराचा खण हळूच उघडून मला उचललं. ती किनुए होती! तिने मला एप्रनच्या खिशात टाकलं.

ती चोरी कशी म्हणायची ते मला आजही कळत नाही. त्या खिशात अंधार होता, एक रुमाल होता आणि तिचा हात सारखा मला चाचपत होता. शुनसाकुच्या फोटोसमोर बसून ती पुटपुटली, "आईंच्या अंत्यविधीला तुझ्या काकी काय म्हणाल्या, ठाऊक आहे ना? 'सून अजून का थांबलीय ते लवकरच कळेल.' आता चौकोनात माझं नाव आलं तर त्यांचंच खरं होईल. मिहोकोताईंना मी तोंड कसं दाखवू?" मग जरा थांबून, अगदी हळू म्हणाली, "पण घर ताईंचं झाल्यावर मी जाणार कुठे, तेही तूच सांग."

सेइकिचींनी मला शोधायला सुरुवात केली. खण, कपाट, तांदळाचा डबा, बुटांचं कपाट, सगळं पालथं घातलं. पहिल्या दिवशी चिडले. दुसऱ्या दिवशी हसले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी शोधणंच बंद केलं. कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि घरभर चिकटवत सुटले. 'गॅस बंद केलास का?' 'आज बुधवार.' 'सुनेचं नाव किनुए.'

ती शेवटची चिठ्ठी किनुएने भात वाढताना वाचली.

"बाबा, हे काय?"

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "आधी शिक्का हरवला. मग घराचा रस्ता. शेवटी मला विचारायचा, तुम्ही कोण? तुला मी तसं विचारलेलं मला नकोय गं."

खिशातला हात एकदम घट्ट झाला. मग मी उजेडात आलो. तिने मला त्यांच्या वाटीशेजारी ठेवलं.

"तुमचं डोकं शाबूत आहे बाबा. मीच चोर आहे." आणि काकींपासून सगळं सांगून ती रडायला लागली.

सेइकिची रागावतील या भीतीने मी तर आडवा गडगडलो! पण त्यांनी मोठा उसासा सोडला. "हात्तिच्या! म्हणजे मी वेडा नाहीये!" आणि हसता हसता त्यांचेही डोळे भरले. मग म्हणाले, "ऐक. घर कुणाला, कारखाना कुणाला, ते रक्त बघून ठरतं. ठरू दे, मृत्युपत्र करून मिहोकोचं घर मला काढून घ्यायचं नाही. अख्ख्या सरकारी जगात एकच चौकोन मला माझ्या मनाने भरता येतो. तोही तू माझ्याकडून काढून घेणार?"

किनुएने नाक पुसत 'नाही' अशी मान हलवली.

गुरुवारी तेरुयोबाई आल्या. सेइकिचींनी चौकोनात किनुएचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात तिच्याशी नातं काय ते लिहायचं होतं. तिथे त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मुलगी'.

"अहो! चुकलात!" तेरुयोबाई ओरडल्या. "मुलाची बायको असं हवं. असा कागद परत येईल. थांबा, नवा काढते."

"नवा कशाला? दुरुस्तीची रीत आहे ना आपल्यात?"

रीत अशी, मित्रांनो. चुकलेल्या शब्दावर दोन रेघा मारायच्या. पण तो खरवडायचा नाही, काळा करायचा नाही, खालचा शब्द वाचता आलाच पाहिजे. शेजारी बरोबर शब्द लिहायचा, आणि रेघांवर मालकाने आपला शिक्का उमटवायचा. सेइकिचींनी पट्टी लावून बारीक दोन रेघा मारल्या. बाजूला 'मुलाची बायको' लिहिलं. मला शाईत बुडवलं, 'हाऽ' करून ऊब दिली आणि 'मुलगी'वर असं दाबलं, असं दाबलं, की माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ कधीच उमटलो नव्हतो. दुसऱ्यांदा खाली नावाशेजारी उमटलो. ते माझं शेवटचं काम.

ऑपरेशननंतर सेइकिची दोन हिवाळे जगले. ते गेले आणि नगरपालिकेतली माझी नोंदही गेली. मालकाबरोबर शिक्काही जातो. बँकेतलं खातं बंद झालं. घराचे कागद मिहोकोच्या नावावर होण्यासाठी चकरा सुरू झाल्या. विम्याचे पैसे मात्र कुणाची वाट न बघता आठवड्यात किनुएकडे आले.

आमच्याकडे माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी पूजा करतात, तिला मिहोको आली. पूजा झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, विमा तुझ्या नावावर केला होता म्हणे बाबांनी. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही."

 किनुएने अर्जाची प्रत पुढे ठेवली. मिहोकोने ती उचलली. वाचली. डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली. 

"बाबांनी चष्म्याच्या दांडीवर कधी केसाएवढा ओरखडा राहू दिला नाही," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या हातून चूक? आणि वर इतका जोरात शिक्का?" तिने दोन रेघांखालच्या शब्दावरून बोट फिरवलं. "वहिनी, मला बहीण नव्हती. लहानपणी केवढा हट्ट करायचे मी बाबांकडे! मेलं किती उशिरा ऐकलं त्यांनी माझं." मग डोळे पुसत म्हणाली, "घर सोडायचं नाव काढू नकोस. मी सणाला येऊ कुठे मग?"

मित्रांनो, आता मी पुन्हा खणात आहे. माझ्यावर धूळ बसते, आणि बसली तरी माझी तक्रार नाही. पण आज घरी गेलात की आजोबांना, आईला, बाबांना विचारा, तुमच्या कागदातल्या त्या चौकोनात कुणाचं नाव आहे? जे नाव मनात आहे तेच आहे का? विचारायला लाजू नका. ते रागावले तर सांगा, एका म्हाताऱ्या शिक्क्याने विचारायला सांगितलंय. धूळ माझ्यावर बसू दे. त्या चौकोनावर बसू देऊ नका.