कुटुंबप्रमुखाशी नातं

नंदिनी थूल खापरवाड्याच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायची. जानेवारीत तिच्या नावाचं पत्र आलं. जनगणनेसाठी एका आंतरराष्ट्रीय समितीनं नवे नियम तयार केले होते, त्यांची चाचणी निवडक गावांत होणार होती आणि त्यांत खापरवाडा होता. साऱ्या जगातली माणसं आणि घरं एकाच मापानं मोजता यावीत, अशी त्या समितीची इच्छा होती. समुद्रपूरला दोन दिवस प्रशिक्षण झालं. तिथं 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या सगळ्या शिक्षकांकडून मोठ्यानं म्हणवून घेतली: जे लोक जेवणाची सोय एकत्र करतात, ते एक कुटुंब. नंदिनीला व्याख्या सोपी वाटली. विहारामागच्या गल्लीत पाय ठेवेपर्यंत.

त्या गल्लीत चार घरं. अकरा वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सोंगणीत गल्लीतल्या बाया दिवसभर शेतावर असत. घरी येऊन चार ठिकाणी चार-चार पदार्थ करायचा जीव कोणाच्यात उरत नसे. तेव्हा ठरलं, एका घरानं एकच करायचं. धुरपताबाईनं भाजी, शोभाबाईनं पोळ्या, माधवीनं वरण आणि बायको वारलेल्या प्रेमदासनं भात, कारण त्याला तेवढाच येत होता. सोंगणी संपली, पण वाटणी मोडायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेव्हापासून दोन्ही वेळा चार गंज, म्हणजे पातेली, चार घरांतून फिरत.

"तुमच्या घरी स्वयंपाक वेगळा होतो का?" नंदिनीनं मोबाइल हातात धरून विचारलं.

"होते ना," धुरपताबाई म्हणाली. "भाजीचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बाकीच्याइथं होते."

"मग जेवता कुठं?"

"आपापल्या घरी जेवतो बाई. अजून कुठं जेवू?"

मोबाइलवरच्या फॉर्मात 'होय' दाबलं की पुढे 'पूर्ण स्वयंपाक?' असा प्रश्न येई, आणि तिथं 'नाही' दाबलं की तो परत मागच्या पानावर नेई. नंदिनी सात वेळा गोल फिरली आणि बॅटरी संपली. घरी जाऊन मोबाइल चार्ज करून तिनं शेऱ्याच्या चौकोनात गल्लीची सगळी हकीगत लिहिली आणि पाठवून दिली.

चौथ्या दिवशी जीप आली. जीपमधून विवेक ताकसांडे उतरला. तो मूळचा हिंगणघाटचा, पण आता परदेशात त्या समितीच्याच कचेरीत कामाला होता. 'कुटुंबा'ची ती व्याख्या लिहिणाऱ्यांत तो स्वतः होता. ती लिहिल्यापासून तिच्याबद्दल जगातल्या एकाही माणसानं त्याला काही विचारलं नव्हतं. नंदिनीचा शेरा वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे त्यानं तिला आल्या आल्या सांगितलं.

त्यानं चारही घरं पाहिली, चारही गंजांतलं जेवला आणि वही मिटली.

"हे एकच कुटुंब आहे. सतरा माणसांचं."

"घरं चार हायेत जी," धुरपताबाईचा नवरा नानाजी म्हणाला.

"घरं चार, कुटुंब एक. व्याख्येत भिंतीचा उल्लेख नाही."

"मंग त्यातला मोठा कोन?"

"काय शिजणार, हे कोण ठरवतं?"

सगळ्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. कोणती भाजी ते ती सकाळीच सांगे. मग त्यावरून वरण घट्ट की पातळ, भात की खिचडी, ते बाकीचे ठरवत.

"लिहा बाई," विवेक नंदिनीला म्हणाला. "कुटुंबप्रमुख, धुरपता नानाजी मून."

"अन् मी?" नानाजीनं विचारलं.

"आपण पती."

"थे तर मी पयलेपासूनच आहो."

इथपर्यंत ठीक होतं. पण विवेक काम अर्धवट सोडणारा माणूस नव्हता. गल्लीबाहेरचं कोणी यात आहे का, असं त्यानं विचारलं. समोरचा रूपराव होता. तो गल्लीला रोज ताक द्यायचा आणि बुधवारी भाजी न्यायचा. म्हणजे जेवणाची सोय एकत्रच. रूपरावची पाच माणसं आत आली. रूपरावचं ताक आणखी आठ घरी जात होतं आणि तिकडून सांडगे, अंबाडी, शेंगदाणे येत होते. ती आठही घरं आत आली.

"साहेब, याला शेजार म्हणतात," नंदिनी म्हणाली.

"माहीत आहे," विवेक खऱ्या दुःखानं म्हणाला. "पण शेजार या शब्दाची व्याख्या आम्हांला शेवटपर्यंत जमली नाही. तीन बैठका झाल्या."

तीन दिवसांत बहुतेक सगळा खापरवाडा एक कुटुंब झाला. नव्व्याण्णवाच्या पुढे माणसं मोबाइल घेईना, म्हणून विवेकनं वरिष्ठांना फोन करून कागदी फॉर्मची परवानगी मिळवली. नंदिनीनं खळ लावून पानाला पान जोडलं. गुंडाळी एवढी लांब झाली, की ती वाचायला शाळेचा व्हरांडा लागला.

त्या फॉर्ममध्ये तिसरा रकाना होता, 'कुटुंबप्रमुखाशी नातं'. ते प्रत्येकाचं प्रमुखालाच विचारायचं होतं. रविवारी सकाळी धुरपताबाईला व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली आणि गाव रांगेत उभं राहिलं.

"रूपराव," नंदिनीनं वाचलं. "नातं?"

"ताक," धुरपताबाई म्हणाली.

"तसा पर्याय नाही. 'नातेवाईक नाही' असं टाकू?"

"नको," विवेक मध्येच बोलला. "नात्यात नाही आणि अकरा वर्षं एकमेकांचं खातात, हे समितीला पटणार नाही. ताकच लिहा."

मग सगळ्यांचं तसंच लिहावं लागलं. सांडगे. मेथी. लग्नात मदत. एकीच्या नावापाशी धुरपताबाईनं तोंड फिरवलं.

"तिच्याशी माहं बोलनं नाई. सहा वर्षं झाले."

"पण तुमच्याकडचं काही नेते ना?" विवेकनं विचारलं.

"चटणी नेते. सुनेले पाठवते."

"म्हणजे अबोला, जेवणासह," विवेक पुटपुटला आणि त्यानं ते आपल्या वहीतही टिपून घेतलं.

नानाजीचं नातं आधीच लिहिलं होतं, तरी तो दोन तास रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा धुरपताबाईनं मान वर न करता सांगितलं, "नवरा. लिवा, चालू हाय."

दुपारच्या सुमारास बंडोपंत आले. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. देवळाजवळ त्यांचं घर. सोबत बायको सुमती होती. बंडोपंत रांगेत न थांबता थेट टेबलाशी गेले.

"माझं कुटुंब स्वतंत्र आहे. मी आणि ही. आमची चूल वेगळी. आम्ही कोणाकडचं काही घेत नाही. आणि त्या गल्लीतलं तर..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पुढचं काय ते रांगेतल्या सगळ्यांना कळलं. विवेकचा पेन थांबला. हिंगणघाटला लहानपणी त्यानं अशी अर्धी सोडलेली वाक्यं पुष्कळ ऐकली होती. पण तो एवढंच म्हणाला, "मग वेगळं लिहू. धुरपताबाई, यांच्याकडे तुमच्या घरून खाण्यातलं काही जातं का? खरं सांगावं लागेल."

धुरपताबाईनं एकदा सुमतीकडे पाहिलं.

"जवसाची चटणी जाते."

"काय?" बंडोपंत म्हणाले.

"दर शनवारी. दुपारी सारे लोक पडले असले का तुमीच येता, मागच्या दारानं. मी पुडी बांधून ठेवतो."



"शनिवारी?" सुमतीनं हळू विचारलं.

"सुमती, तोंडाला चव नव्हती, म्हणून मी..."

"मी मंगळवारी आणते," सुमती म्हणाली. "तुमच्या पानात असते ती तीच."

"ती तुझ्या माहेरची आहे असं तू मला सांगितलंस!"

"माहेरहून मला तीस वर्षांत कोणी जवसाचा दाणा पाठवलेला नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. विवेकनं गुंडाळी पुढे ओढली. "म्हणजे आपण दोघंही याच कुटुंबातले. सुमतीबाई सहाशे सदतीस, आपण सहाशे अडतीस."

"यायले नका लिवू," धुरपताबाई म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीतून उठली. "बाईले लिवा. त्या समोरून येतात, आत बसतात, चहा पेतात. हे सात वर्षांपासून मागच्या दारानं येऊन राह्यले. समोरच्या दारातून येत नाई त्या मानसाले मी घरात कसं लिवू?"

विवेकनं नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. "प्रमुखानं नकार दिला तर काय, याची तरतूद नाही."

"मंग करा."

त्यानं केली. चाचणीच्या कागदांवर खापरवाड्यात दोन कुटुंबं नोंदली गेली, एक सहाशे सदतीस माणसांचं आणि दुसरं बंडोपंतांचं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे रकाने भरले होते. आता त्यांचा स्वतःचा फॉर्म दोन पानांतच संपला. 'कुटुंबप्रमुखाशी नातं' यापुढे त्यांनी 'स्वतः' लिहिलं आणि सही करताना पेन दोनदा उचलला. घरी सुमतीनं नेहमीसारखंच ताट वाढलं, पण आपण आता या घरात पाहुण्या आहोत, हे तिनं त्यांना सांगून ठेवलं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास बंडोपंत पांढरा शर्ट घालून विहारामागच्या गल्लीत शिरले. गल्लीच्या तोंडाशी रूपराव होता, त्यानं पाहिलं. विवेक आणि नंदिनी माधवीच्या ओट्यावर बसले होते, त्यांनीही पाहिलं. बंडोपंत धुरपताबाईच्या समोरच्या दाराशी उभे राहिले. त्यांनी चपला काढून एका बाजूला ठेवल्या.

"धुरपताबाई," ते म्हणाले, "जेवायला आलोय."

"या. बसा."

चार घरांतून गंज आले. पोळी, वरण, वांग्याची भाजी, भात. बंडोपंत खाली मान घालून जेवले. भात दोनदा घेतला. चटणी मात्र नव्हती. रविवारी साऱ्या गावानं एकदा चाखून पाहिल्यामुळे ती संपली होती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. जेवण झाल्यावर ते आपलं ताट उचलून मोरीकडे गेले. धुरपताबाईनं त्यांना थांबवलं नाही. त्यांनी ताट घासलं, धुतलं आणि पालथं ठेवलं.

"आता लिहू का?" नंदिनीनं ओट्यावरूनच विचारलं.

"लिवा."

"नातं काय?"

धुरपताबाईनं विचार केला. "नवीन," ती म्हणाली.

विवेक ती गुंडाळी पोत्यात भरून घेऊन गेला. पुढे काय झालं, ते त्यानं नंदिनीला फोनवर सांगितलं. चटणी हे जेवण धरायचं की नाही, यावर समितीत दोन दिवस वाद झाला. दोन देश लोणच्याच्या बाजूनं ठाम उभे राहिले. शेवटी 'चटणी, लोणची, पापड व तत्सम तोंडी लावणी धरू नयेत' असं एक वाक्य मसुद्यात घातलं गेलं. खापरवाड्याच्या आकड्यामुळे सरासरी कुटुंब फार फुगत होतं, म्हणून गाव चाचणीतून वगळलं. विवेकनं विरोध केला. तेव्हा त्याला छप्पर आणि संडास यांच्या व्याख्या करणाऱ्या विभागात पाठवलं.

नंदिनीनं मग गावाची यादी जुन्या पद्धतीनं पुन्हा केली. गल्लीत चार घरांची चार कुटुंबं झाली, बंडोपंत आणि सुमती मिळून एक झालं. कोणी तक्रार केली नाही. पण धुरपताबाई आता प्रमुख नाही, असं गावाला कोणी सांगितलं नाही आणि गावानंही विचारलं नाही. रूपरावनं पोरीचं लग्न ठरवताना आधी धुरपताबाईला विचारलं. दोन भावांचं शेतातल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण तिच्या अंगणात मिटलं. रोज कोणी ना कोणी येऊ लागल्यावर नानाजीनं बाहेर एक बाक ठोकून दिला आणि येणाऱ्यांना पाणी द्यायचं काम आपल्याकडे घेतलं.

मार्चमध्ये पलीकडच्या गावचं एक जोडपं गल्लीत आलं. माणसाच्या हातात अर्ज होता.

"आमाले तुमच्या कुटुंबात घ्या," तो म्हणाला.

"काऊन?"

"आमच्याइथं कोनी कोनाचं ऐकूनच घेत नाई जी."

धुरपताबाईनं अर्ज वाचला नाही. बाकावर सरकून तिनं दोघांना जागा करून दिली. नानाजीनं पाण्याचे दोन गिलास पुढे ठेवले.

"तुमच्याइथं काय चांगलं बनते?" तिनं विचारलं.

माणूस गोंधळला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"पाटवडी," बायको म्हणाली. "पन रस्सा जरा पातळ होते."