पुनमचा हात

मनकर्णाबाईची सून पुनम भद्रावतीला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. आता तिच्याकडे कोबोलचं काम आलं होतं. कोबोल म्हणजे साठ-पासष्ट वर्षं जुनी संगणकभाषा, पण विम्याचा कारभार अजून तिच्यावरच चालतो. ही भाषा होती फक्त पुण्यातल्या मोठ्या मशीनवर, म्हणून पुनमला तिकडं जाऊन राहावं लागणार होतं. तीच भाषा घरच्या डेस्कटॉपवर मिळाली, तर जाणं टळणार होतं.

एके दिवशी कंपनीच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना विचारलं, "डेस्कटॉपवर कोबोल कोणाला हवी? एकट्यादुकट्यासाठी घेणार नाही. हात वर करा."

बारा चेहरे, पण हात एकाचाही नाही. म्हातारी भाषा मागितली तर बाकीचे हसतील, म्हणून पुनमनंही हात मांडीवरच ठेवला.

मागं लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या मनकर्णाबाईला राहवलं नाही.

"काऊन गप बसली वो? धानाच्या रोवण्याले पहिली बाई चिखलात उतरल्याबिगर दुसरी उतरते का? साऱ्या बांधाच्या धुऱ्यावर लुगडं सावरत उभ्या राह्यतेत. कर हात वर!"

माइक चालू होता. पुनम लाजून लाल झाली, पण हात वर गेला. मग एका पिकल्या केसांच्या गृहस्थाचा, मग एका पोरीचा, असे पाहता पाहता सात हात झाले.

साहेब हसले. "मागायची लाज वाटत होती होय? देतो बसवून. पुनम, तुम्ही तिथूनच काम करा."

कॉल संपताच पुनम सासूच्या गळ्यात पडली.

"हट, सरक तिकडं. तू गेली असती तं मले काई फरक पडत नव्हता," मनकर्णाबाई म्हणाली आणि सुनेला आवडते म्हणून सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबीरवडीचं, पीठ भिजवायला उठली.