जायफळाचे वेढे

दुपारचे दोन वाजून गेले तरी रेवा उठेना, तेव्हा शालनताईंनी तिला हलवून पाहिलं.

रेवा त्यांची नात, स्वरूपाची मुलगी, अडीच महिन्यांची. सकाळी अंघोळ झाल्यावर झोपली ती झोपलीच. त्यांनी तिच्या तळपायांना गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, कानाशी वाटी वाजवली. पोरीने ओठ जरासे हलवले आणि मान टाकली. एरवी हीच पोर गेले तीन दिवस किंचाळत होती आणि स्वीडनमधल्या व्हेस्तेरोसच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. जावई निनाद कामासाठी फिनलंडला जाऊन बसलेला, त्यामुळे सगळा भार स्वरूपावर. तिचे डोळे असे खोल गेले होते की शालनताईंना लेकीकडे बघवत नव्हतं.

"आई, ही उठत का नाहीये?" स्वरूपा दारात उभी होती. केस विस्कटलेले, आवाज चिरका.

"झोपली असेल गं. तीन दिवसांची झोप काढतेय," शालनताई म्हणाल्या, पण त्यांच्याच आवाजावर त्यांचा विश्वास बसला नाही.

कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

बार्शीहून सहा महिन्यांसाठी निघताना त्यांनी बॅगेत सहाण आणि गुटीचा डबा घातला होता. स्वरूपाने पहिल्याच दिवशी तो पाहिला. "आई, इथल्या नर्सने बजावलंय, सहा महिने दुधाशिवाय थेंब नाही. तुझे ते दगडधोंडे बॅगेतच राहू देत." शालनताई 'बरं' म्हणाल्या. लेकीच्या घरी राहायचं तर 'बरं' हा शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणावा लागतो, हे त्या पहिल्या आठवड्यातच शिकल्या. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं. सहाण बाथरूममध्ये कपडे धुण्याच्या पावडरीमागे गेली. रोज तेल लावून अंघोळ झाली की दाराला कडी, आणि मग वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचा एक, जायफळाचा जेमतेम अर्धा. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातच्या गुटीवर वाढली होती. 'शालनचा हात' असं बायका कौतुकाने म्हणायच्या आणि शालनताईंना ते आवडायचं, कशाला खोटं बोला!

आज मात्र त्यांनी जायफळाचे दोन वेढे उगाळले होते. पोरीला झोप लागेल, म्हणजे तिच्या आईलाही लागेल, एवढंच मनात होतं.

दवाखान्याच्या वाटेवर टॅक्सीत मधुकररावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभा जन्म गेलेला माणूस. कोण काय लपवतंय ते त्यांना चेहऱ्यावरून वाचता यायचं.

"काही दिलंस काय तिला?" ते कानाशी पुटपुटले.

शालनताईंनी होकारार्थी मान हलवली.

"मग आता तोंड शिवून बस. विचारलं तरी काही बोलायचं नाही. ते सोशलवाले पोर उचलून नेतील."

सोशलवाल्यांची, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, भीती मधुकररावांनी खरेदी-केंद्रातल्या बाकांवरून उचलली होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून आपल्याकडून आलेले सगळे आजी-आजोबा रोज अकराला तिथे जमत, आणि गुडघ्यांच्या चौकशा संपल्या की हाच विषय निघे. कुणीतरी नातवाला चापट मारली, कुणाची तरी सून पोराला ओरडली, आणि दुसऱ्या दिवशी माणसं दारात. हे कुणाच्या घरी, कोणत्या साली झालं, ते कुणालाच सांगता येत नसे. पण ऐकताना प्रत्येकाच्या अंगावर काटा मात्र यायचा.

दवाखान्यात रेवाला एका उंच टेबलावर ठेवलं. इवल्याशा छातीवर तारा चिकटवल्या. डॉक्टर तरुण होती, पोनी बांधलेली, घाई न करणारी. तिने बाळाच्या डोळ्यांत दिवा मारला, पायाला चिमटा काढला आणि स्वरूपाला काहीतरी विचारलं. स्वरूपाने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरने तेच पुन्हा विचारलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा विचारताना तिने बाटली तोंडाला लावल्याची खूण केली, आणि शालनताईंना भाषेचा गंध नसताना सगळा प्रश्न कळला. दुधाशिवाय काही पोटात गेलंय का?

मधुकररावांनी त्यांचं मनगट दाबलं. टेबलावर पोर निपचित पडली होती. शालनताईंना वाटलं, आपण आत्ता गप्प बसलो आणि हिचं काही बरंवाईट झालं, तर बार्शीच्या घरात आपण कोणत्या तोंडाने जगायचं? पोर नेली तर निदान जिवंत तरी असेल.

"स्वरूपा, सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "मी सकाळी गुटी दिली. जायफळाचे दोन वेढे."

"शालन!" मधुकरराव ओरडले.

लेक आता आपल्यावर तुटून पडणार, म्हणून शालनताईंनी अंग चोरलं. पण स्वरूपा ओरडली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोनच?" ती म्हणाली.

"दोनच गं. तुझ्या गळ्याची शपथ."

"आई... मीपण दिलं."

"काय दिलंस?"

"जायफळ. मला महिन्यापूर्वीच सापडलं होतं पावडरीमागे. अंघोळीनंतर ही कशी शांत झोपते, ते कळलं. म्हटलं, असू दे. आज सकाळी तुम्ही उठायच्या आधी ही इतकी रडत होती, इतकी रडत होती की... मला वाटलं, मी हिला काहीतरी करून बसेन. म्हणून दिलं. दुधात कालवून."

"किती वेढे?"

"वेढे कसले? मला कुठे येतंय उगाळायला? आल्याच्या किसणीवर किसलं. अर्धा चमचा असेल."

शालनताईंनी मनात हिशेब केला. सहाणेवर वेढ्याला नुसता रंग उतरतो. किसणीवर अर्धं फळ जातं. डॉक्टर दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या हातातलं पेन थांबलं होतं.

"ऐक," शालनताई भराभर म्हणाल्या. "सगळं सांग. अर्धा चमचा सांग, वरचे दोन वेढे सांग, वेळा सांग. फक्त सगळं मी दिलं म्हण. मला काय, विमानात बसवतील. तुला इथे राहायचंय."

"आई, नको."

"सांग म्हणते ना! पोरीचा जीव जातोय!"

स्वरूपा बोलली. त्या अनोळखी बोलण्यात 'मोरमोर' हा शब्द आला. मोरमोर म्हणजे आईची आई. इथे सगळ्या नर्सा शालनताईंना याच नावाने हाक मारायच्या. तो दोनदा आला. शालनताईंच्या जिवात जीव आला, आणि आत कुठेतरी चरकलंही. शालनचा हात, आणि म्हणे किसणीवर जायफळ!

मग बरीच धावपळ झाली. फोन झाले, बाटलीतून थेंब थेंब पाणी शिरेत सुरू झालं. पाचच्या सुमाराला रेवाने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. शालनताई हात पुढे करून धावल्या, तर नर्स हळूच मध्ये उभी राहिली. रागाने नाही, अगदी सौम्यपणे. बाळ तिने स्वरूपाच्या हातात दिलं.

"ती काय म्हणाली?" शालनताईंनी विचारलं.

"आजची रात्र इथेच ठेवतील. धोका टळलाय." स्वरूपा खाली बघत होती. "त्यांना सोशलवाल्यांना कळवावं लागतं, नियम आहे. त्यांची चौकशी होईपर्यंत तू हिच्याजवळ एकटी थांबायचं नाही. आणि मला म्हणाली, आता काळजी करू नकोस, झोपेचं कारण सापडलंय."

मधुकररावांनी फोन काढलाच होता. "शुक्रवारचं तिकीट मिळतंय. घेऊ का?"

रेवा किंचाळत होती. स्वरूपा तिला घेऊन हलत होती, नजर भिंतीत रुतलेली. मग ती आईच्या अगदी जवळ आली.

"आई, तू गेल्यावर ही अशी रडली, तर मी काय करू?"

दुपारपासून घाबरलेल्या शालनताई आता जेवढ्या घाबरल्या तेवढ्या दिवसभरात घाबरल्या नव्हत्या. आपण काय करून बसलो! कारण सापडलं म्हणून सगळे निर्धास्त झाले, आणि जिला खरा मदतीचा हात हवा तिला आपण आपल्या खोट्याखाली झाकून टाकलं. आता हिला कुणी विचारणार नाही, तू झोपलीस का, तुला काय होतंय. विमान उडेल, निनाद तिकडे कामावरच असेल, आणि या चौथ्या मजल्यावर ही, ती पोर आणि ती किसणी.

"तिकीट घेऊ नका," त्या म्हणाल्या.

"अगं, शहाणी आहेस का? सुटतेय ती, तर..."

"ती सुटत नाहीये! डोळे आहेत ना तुम्हाला? बघा तिच्याकडे." त्यांनी स्वरूपाचा दंड धरला. "चल. डॉक्टरला सगळं खरं सांग. किसणीचं सांग. आणि सकाळी तुला काय वाटलं होतं तेही सांग. तेच आधी सांग."

"आई, नेतील गं हिला."

"मलाही तीच भीती आहे. चल."

डॉक्टर फोनवर बोलत होती. दोघींना येताना पाहून तिने फोन ठेवला आणि एक खुर्ची पुढे ओढली. स्वरूपा बसली, बाळाला छातीशी धरून. शालनताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वरूपाने मान वळवून आईकडे पाहिलं, आणि मग ती बोलायला लागली.