चौदाव्या होलवरची ओ

आमच्या नाहूरच्या घरात दोन पुरुष राहतात आणि गेली चौदा वर्षं ते एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये मी. आजोबा म्हणतात, "श्रुतिका, तेका सांग, पाणी तापला." कुंडलिककाका दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो. तो म्हणतो, "त्यांना सांग, ऐकलं."

भांडण गोल्फचं आहे. हसू नका. काका चेंबूरच्या गोल्फ क्लबात लोकांच्या बॅगा उचलता उचलता खेळाडू झाला आणि २०११ साली स्वीडनला लिंडाल ओपन खेळायला गेला. दोन दिवस पहिला होता. तिसऱ्या दिवशी निकालात त्याच्या नावापुढे एकच शब्द आला, 'रिटायर्ड'. गोल्फमध्ये त्याचा अर्थ खेळ अर्धवट सोडला एवढाच. पण संपात गिरणी सुटली तरी आजोबा स्वतःला रिटायर म्हणवून घेत नाहीत. सव्विसाव्या वर्षी रिटायर? घाबरला, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात आजी गेली. काका पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तो स्पर्धा खेळलाच नाही. मालाडला पोरांना शिकवतो.

शाळेत 'एका स्पर्धेचा इतिहास' असा प्रोजेक्ट आला तेव्हा अख्खा वर्ग क्रिकेटवर तुटून पडला. मी लिंडाल घेतली. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटायचे. आता मला वाटतं ते मी करते.

स्पर्धा झकास निघाली. १९९१ साली मेंढ्यांच्या कुरणात सुरू झाली. युरोपातली दुसऱ्या फळीची, म्हणजे जिंकणारा वरच्या फळीत जातो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. एकदा स्पॉन्सर पळाला तर गावच्या बेकरीवाल्याने बक्षीस दिलं. एकदा गारांनी वाट लागली, दोनच दिवस खेळ. २०२३ला कायमची बंद. क्लबने हे सगळं एका पुस्तिकेत छापलंय, मी फोनवर भाषांतर करून वाचत होते. २०११च्या पानावर मात्र मी थांबले.

गुण लिहिणाऱ्या बाईंची आठवण होती: 'भारतीय मुलगा चौदाव्या होलवर पहिला फटका मारायला उभा होता. वारा नव्हता. त्याने जंगलाकडे मान वळवली. परत चेंडूकडे पाहिलं, परत मान वळवली. तिसऱ्यांदा तो मोठ्याने "ओह" म्हणाला, स्टिक गवतावर ठेवली आणि चालू लागला. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या झाडांखाली अजून कोणी एकटं थांबत नाही.'

ओह नाही. ओ.

आमच्या कोकणात परक्या जागी हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. दोन हाका भुताच्या असू शकतात, तिसरी माणसाचीच.

पुस्तिकेत वेळही होती, बारा दहा. आपली दुपारची तीन चाळीस. मी आजोबांना सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आजीने हाक मारली असणार."

आजोबांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "नाय गो. तिका शुद्ध खंय होती? हाक मी मारलंय. हॉस्पिटलाच्या जिन्यात उभो रवान. तीनदा."

"त्याला फोन केला होता?"

"फोन नाय. नुसती हाक."

सातला काका आला, चप्पल काढत होता. आजोबा माझ्याकडे बघतील म्हणून मी तयार राहिले. त्यांनी बघितलंच नाही.

"कुंडलिक," ते म्हणाले, "किती होल रवलेले रे तुझे?"

काकाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये मान घातली.

"त्या दिवसाचे पाच," काका म्हणाला. "रविवारचे, शेवटच्या दिवसाचे, अठरा."

"आवाज कोणाचो वाटलो तुका?"

"तुमचाच होता, बाबा."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"तुम्ही मला घाबरट म्हणालात. त्यावर काय बोलणार?" काका खाली बसला. "अजून येते हाक. मालाडला, भर दुपारी. तोच आवाज."

"मग ओ देतंस?"

"नाही. घरी येऊन बघतो तर तुम्ही समोर असता, गप्प."

आजोबांनी खाटेवरची वर्तमानपत्रं उचलली आणि जागा केली. काका उठला नाही. पण तिकडे बघत राहिला.